मातीतून सोने

जमशेटजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. कापडगिरण्या बहुधा मुंबईस निघत. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. वऱ्हाडचा कापूस व वरोड्याचा कोळसा तेथून जवळ होता, आणि मुंबईपर्यंत रेल्वेही होती. गिरणीसाठी तलावाजवळील दलदल भरून काढावी लागणार होती. हे तर सोने मातीत पुरणे होय, असे म्हणून एका सावकाराने भांडवल नाकारले. जमशेटजी डगमगले नाहीत.

१ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. परंतु स्वस्तात घेतलेल्या यंत्रांवर माल हलका निघू लागला. शेअरांचा भाव उतरला. आता भाव पाडून तोच माल खपवावा काय? जमशेटजींनी तसे केले नाही. दोष गिऱ्हाइकाचा नसून मालाचा आहे, हे त्यांनी ओळखले. मोठा खर्च सोसून त्यांनी उत्तम यंत्रे आणविली. माल सुधारला, तसा लोकांचा विश्वास बसला आणि गिरणी भरभराटीस आली. जमशेटजींनी माती घालून सोने काढले, अशी कबुली पुढे त्याच सावकाराने दिली.

१९०४ साली जमशेटजींचे निधन झाले. भारतीय उद्योगांचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.