स्वराज्याचे डोळे : बहिर्जी नाईक

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस, सह्याद्रीच्या कुशीत, भोर आणि वेल्हे यांचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. गुंजवणी, कानंदी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांनी ही खोरी कोरून काढली आहेत. नदीकाठी भाताची खाचरे, त्यांच्या वर दाट रान आणि रानाच्याही वर काळ्या कातळाचे उभे कडे, असे या प्रदेशाचे रूप आहे. वेल्हे गावाच्या माथ्यावर तोरणा उभा आहे. त्याच्या पूर्वेस राजगड आहे. भोरच्या दक्षिणेस रोहिडा आहे. याच किल्ल्यांच्या आश्रयाने शिवाजीमहाराजांनी स्वराज्याचा पाया घातला. मुरुंबदेवाच्या डोंगरावर त्यांनी राजगड बांधला आणि सुमारे पाव शतक तेथूनच राज्याचा कारभार पाहिला.

त्या काळी या खोऱ्यांतील तरुण महाराजांच्या चाकरीसाठी राजगडाची वाट चालू लागले. कारीचे जेधे, हिरडस मावळातील बांदल अशा देशमुखांची माणसे त्यांत होती, तसेच नांगर सोडून आलेले साधे शेतकरीही होते. राज्य लहान होते आणि शत्रू बलाढ्य होते. विजापूरचा बादशहा आणि दिल्लीचा मुघल यांच्यापाशी हजारो घोडेस्वार, तोफा आणि अमाप द्रव्य होते. त्यांच्याशी उघड्या मैदानात झुंज घेणे स्वराज्याला परवडणारे नव्हते. म्हणून महाराजांनी दोन साधनांवर भर दिला. निवडक माणसे घेऊन शत्रूवर अवचित छापा घालावयाचा, हे पहिले साधन होय. छाप्यापूर्वी शत्रूच्या घरातील बित्तंबातमी काढावयाची, हे दुसरे होय.

या दोन साधनांमुळे शूर तरुणापुढे सेवेच्या दोन वाटा उघडल्या. पहिली वाट तलवारीची होती. तानाजी मालुसरे, येसाजी कंक यांसारखे वीर त्या वाटेने गेले आणि त्यांची नावे घरोघरी पोहोचली. दुसरी वाट हेराची होती. त्या वाटेवर जो सर्वांत पुढे चालला, त्याचे नाव बहिर्जी नाईक. बखरीत त्यांचा उल्लेख बहिर्जी जाधव नाईक असा येतो. ते महाराजांच्या हेरांचे प्रमुख होते. वेषांतराच्या कलेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असे परंपरा सांगते. फकीर, गोसावी, व्यापारी, भिकारी अशी नाना सोंगे ते घेत आणि शत्रूच्या छावणीत निर्धास्तपणे वावरत, अशा कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात.

हेराची चाकरी सोपी असते असा कित्येकांचा समज असतो. तलवार चालवावयाची नाही, तेव्हा जिवाला धोका कसला, असे त्यांस वाटते. परंतु वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. छापा घालणाऱ्या वीराच्या डाव्या-उजव्या हाताला त्याचे सोबती असतात. हेर एकटा असतो. वीराच्या कमरेला तलवार असते. हेराला पुष्कळदा निःशस्त्रच वावरावे लागते. समोर कोणी अपमान केला तर वीर त्याचा जाब विचारतो. हेराला तो अपमान गिळून, मान खाली घालून पुढे जावे लागते. ऐकलेले लिहून ठेवण्याची सोय नसते, कारण कागद सापडला की मृत्यू ठरलेला. म्हणून सैन्याची संख्या, तोफांच्या जागा, पहारे बदलण्याच्या वेळा, नदीचे उतार आणि घाटाच्या वाटा हे सारे त्याला डोक्यात साठवावे लागते. शिवाय जे पाहिले तेच सांगावे लागते. धन्याला आवडेल म्हणून बातमीत तिळभर भर घातली, तरी तिच्यावर विसंबून निघालेली शेकडो माणसे प्राणास मुकतात.

हेराला आणखी एक मोठा त्याग करावा लागतो. त्याला कीर्तीवर पाणी सोडावे लागते. वीर विजयी होऊन परतला की नगारे वाजतात, मानाचे कडे मिळते, शाहीर त्याचा पोवाडा गातात. हेराचे काम जितके उत्तम, तितके ते कोणाला कळत नाही. त्याचे तोंड चार माणसांच्या ओळखीचे झाले, तर त्याचा उपयोगच संपला. तरुण वयात कौतुकाची ओढ सर्वांनाच असते. ती ओढ आवरून बहिर्जींनी ही वाट आयुष्यभर चालून दाखविली.

बातमी आणि छापा यांची सांगड कशी पडते हे पाहावयाचे असेल, तर लाल महालाचा प्रसंग आठवावा. १६६० साली औरंगजेबाचा मामा शाइस्ताखान मोठे सैन्य घेऊन पुण्यास आला. महाराजांचे बालपण ज्या लाल महालात गेले, तेथेच तो राहू लागला. तीन वर्षे त्याच्या फौजेने आसपासचा मुलूख उजाड केला. अखेर ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज निवडक माणसांनिशी त्या छावणीत शिरले. महिना रमजानचा होता. दिवसभराचा उपवास सोडून पहारेकरी सुस्तावले होते. मुदपाकखान्याच्या बाजूची बुजवलेली वाट फोडून मावळे आत घुसले. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, आणि छावणी जागी होऊन सावरते तोच महाराज सिंहगडाकडे निघून गेले. त्या प्रचंड सेनासागरातून आत जाऊन बाहेर येणे केवळ धाडसाने साधले नसते. लाल महालाचा कोपरान्‌कोपरा महाराजांच्या ओळखीचा होता, हे खरे. परंतु खान कोठे निजतो, पहारे कोठे आहेत आणि कोणत्या वेळी ढिले पडतात, ही बातमी ताजीच हवी होती. तलवारीने जे केले ते सर्वांनी पाहिले. त्याआधी डोळ्यांनी आणि कानांनी जे केले, ते कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

बहिर्जींचे नाव ज्या कामगिरीशी कायमचे जोडले गेले आहे, ती याच्या पुढच्या वर्षीची. शाइस्ताखानाच्या स्वारीने स्वराज्याचा खजिना रिता झाला होता. शेते ओसाड पडली होती. सैन्य पोसावयाचे आणि रयतेची घडी पुन्हा बसवावयाची तर द्रव्य हवे होते. त्या काळी सुरत हे मुघलांचे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत संपन्न बंदर होते. इंग्रज आणि डच यांच्या वखारी तेथे होत्या, आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे तेथूनच सुटत. राजगडापासून हे नगर शंभर कोसांहून दूर होते आणि मधला बराच मुलूख शत्रूचा होता. बहिर्जी नाईक सुरतेस गेले, नगराची पाहणी केली आणि परत येऊन महाराजांना तेथील अगणित संपत्तीची बातमी दिली, असे सभासदाच्या बखरीवरून कळते.

एवढ्या दूरच्या स्वारीत हेराच्या शब्दावर किती गोष्टी अवलंबून असतात, याचा विचार करा. नगराला भक्कम तट आहे की नाही, किल्ल्यातील शिबंदी बाहेर पडून लढेल की नाही, धनिकांच्या पेढ्या कोणत्या पेठेत आहेत, जाताना आणि येताना कोणते घाट मोकळे मिळतील, यांतील एकही गोष्ट चुकली तर सारी फौज शत्रूच्या मुलुखात अडकावयाची. तशी ती अडकली नाही. जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात महाराज सुरतेपुढे येऊन थडकले. नगराभोवती तेव्हा भक्कम तट नव्हता. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. चार दिवसांत मोठे द्रव्य हाती लागले, आणि मुघलांची कुमक पोहोचण्यापूर्वीच मराठे परत फिरले. लुटीत घरे जळाली आणि तेथील सामान्य रहिवाशांचेही हाल झाले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. युद्धाचे ओझे नेहमी निरपराध माणसांवरही पडते. तथापि ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ आणि एका दिवंगत, दानशूर दलालाचे घर महाराजांनी राखले, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. कोणते घर कोणाचे आणि तो माणूस कसा होता, एवढी बारीक माहिती महाराजांपर्यंत पोहोचली होती, हे त्यावरून दिसते.

म्हणून हेराची वाट थोर आणि वीराची वाट दुय्यम, असे मात्र कोणी समजू नये. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले. त्यांत सिंहगड, म्हणजेच कोंढाणा, होता आणि भोरजवळचा रोहिडाही होता. राजगड व तोरणा मात्र स्वराज्यात राहिले. राजगडावरून कोंढाणा दिसतो. आपल्या राजधानीतून नजरेस पडणारा किल्ला शत्रूच्या हाती असावा, याचे शल्य रोजचेच होते. त्या किल्ल्याची कितीही बारीक बातमी आणली, तरी अखेर कोणीतरी रात्री कडा चढून वर जावयास हवेच होते. ते काम ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी केले. किल्लेदार उदेभानाशी लढताना त्यांनी देह ठेवला, पण गड परत मिळाला. डोळ्यांनी वाट दाखवावी आणि हातांनी ती चालून काढावी. डोळे मिटलेले असतील तर हात चाचपडतात; हात लुळे असतील तर डोळे नुसते पाहत राहतात.

१६७९ सालच्या एका प्रसंगात या दोन्ही वाटा एकत्र आल्या. महाराजांनी त्या वर्षी मुघलांच्या ताब्यातील जालना शहरावर स्वारी केली. लूट घेऊन परतताना संगमनेरच्या बाजूस रणमस्तखान या मुघल सरदाराने त्यांना गाठले. तीन दिवस लढाई झाली. सिधोजी निंबाळकर या शूर सेनानायकाने शत्रूला थोपवून धरले आणि तेथेच वीरमरण पत्करले. मुघलांची आणखी फौज चालून येत होती. वेढा पडला असता तर खुद्द महाराज शत्रूच्या हाती सापडण्याची वेळ आली असती. अशा बिकट वेळी बहिर्जी पुढे झाले. त्या डोंगरांतील एक आडवाट त्यांस ठाऊक होती. सारे सैन्य सुखरूप नेण्याची हमी त्यांनी घेतली. तीन दिवस आणि तीन रात्री फौज त्या अवघड वाटेने चालत राहिली आणि अखेर पट्टा किल्ल्याच्या आश्रयास पोहोचली. थकल्याभागल्या महाराजांना तेथे विसावा मिळाला, म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले. सिधोजींनी प्राण वेचून वेळ मिळवून दिला नसता, तर बहिर्जींची वाट निरुपयोगी ठरली असती. आणि बहिर्जींना वाट ठाऊक नसती, तर सिधोजींचे बलिदान वाया गेले असते. त्या दिवशी कोणाची सेवा मोठी, हे ठरविणे अशक्य आहे. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले.

आजही देशरक्षणाच्या या दोन वाटा तशाच आहेत. भारतीय सेनेत गुप्तवार्तेचे काम पाहणारे स्वतंत्र दल असून त्याचे प्रशिक्षण पुण्यातच दिले जाते. शत्रूच्या मुलुखात शिरून अवचित छापा घालणाऱ्या पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष पलटणीही आहेत. त्यांपैकी एक पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची होय. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांपासून जवळच, खडकवासल्यास, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे त्या वाटेने जाईल, तर त्याच्यापुढेही हा प्रश्न एखादे दिवशी उभा राहील. त्या वेळी कोणत्या वाटेवर मान अधिक आहे, हे त्याने विचारू नये. आपला स्वभाव कोणत्या कामाला लायक आहे, हे आपल्या मनाशी पडताळून पाहावे. संकट समोर दिसताच ज्याचे बाहू स्फुरतात, जो सोबत्यांना धीर देतो आणि त्यांच्या पुढे धावतो, त्याने तानाजींची वाट धरावी. जो थोडे बोलतो, पुष्कळ पाहतो, पाहिलेले विसरत नाही, खोटे सांगत नाही आणि कोणी शाबासकी दिली नाही तरी ज्याचे काम ढिले पडत नाही, त्याला बहिर्जींची वाट मोकळी आहे.

तानाजी मालुसरे यांची समाधी सिंहगडावर आहे आणि तेथे रोज शेकडो लोक जातात. बहिर्जी नाईकांची समाधी सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर दाखवितात. तेथे जाणारे थोडे. बखरीतही त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. पण राजगडाच्या माचीवर उभे राहून समोरच्या खोऱ्यांकडे पाहताना, या वाटांनी रात्री-अपरात्री बातमी घेऊन आलेल्या त्या अनामिक पावलांचे स्मरण आपण अवश्य करावे. त्या पावलांनी आणलेल्या बातमीच्या आधारानेच तलवारी म्यानाबाहेर निघाल्या आणि स्वराज्य उभे राहिले.