नांगराच्या फाळापासून भागभांडवलापर्यंत

पुणे - मॉडेल कॉलनीतील लकाकी रस्ता पुणेकरांच्या परिचयाचा आहे. ‘लकाकी’ हे नाव लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांच्या नावाच्या आद्याक्षरांपासून तयार झाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. उद्योजक म्हणून लक्ष्मणराव सर्वपरिचित आहेत. शेअर म्हणजे नेमके काय आणि तो घेणाऱ्याने धीर का धरावा, हेही त्यांच्या चरित्रातून उत्तम समजते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंग ओळखण्यात त्यांची दृष्टी कमी पडत असल्याचे लक्षात आले. रंग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बेळगावला येऊन बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालविले. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला.

नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या काळात कोणी या व्यवसायाचा भाव केला असता, तर तो कवडीमोलच ठरला असता. वस्तूचे मोल आणि बाजारातील भाव यांत असे अंतर पडते, तेव्हा घाईने निघून जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

अडचणी एवढ्यावर थांबल्या नाहीत. बेळगाव नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. निवडुंगाने भरलेल्या या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी सोबत होते. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात थंडावली, मागणी वाढली. मात्र लोखंड आणि कोळसाही दुर्मिळ झाला.

व्यवसायाचा पसारा एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागल्यावर १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदविण्यात आली. ‘लिमिटेड’ या शब्दाचे महत्त्व गुंतवणूकदाराने समजून घेण्यासारखे आहे. साध्या भागीदारीत धंदा बुडाल्यास देणेकरी भागीदाराच्या घरादारापर्यंत पोचू शकतो. मर्यादित कंपनीत भागधारकाचे नुकसान त्याने शेअरमध्ये गुंतविलेल्या, किंवा देऊ केलेल्या, रकमेपुरतेच राहते. मात्र ती रक्कम पूर्ण बुडण्याची शक्यता असते आणि लाभांशाची हमी नसते. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिकही सुरू झाले. कारखान्यात काय चालले आहे, हे लोकांपर्यंत पोचविण्याचा तो मार्ग होता. आजच्या भागधारकाला हेच काम वार्षिक अहवाल करतो. तो न वाचता शेअर घेणे म्हणजे धंदा न पाहता भागीदारी पत्करणे होय.

युद्धोत्तर मंदीत नांगरांचा खप घसरला, तेव्हा चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप यांनी कारखान्याला आधार दिला. अमेरिकेत शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतलेले पुत्र शंतनुराव कामात सहभागी झाले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. खडकीतील तो रस्ता आजही लक्ष्मणरावांच्या नावाने ओळखला जातो.

दोनच वर्षांनी मोठा आघात झाला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. राखेतून कारखाना पुन्हा उभा राहिला, कारण यंत्रे जळाली तरी कारागिरी, माणसे आणि पत शिल्लक होती. ताळेबंदात न दिसणारी हीच मालमत्ता भागधारकाची खरी राखण करते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत सामान्य माणसाला भारतीय म्युच्युअल फंडाचा पर्याय नव्हता. युनिट ट्रस्टची पहिली योजना १९६४ मध्ये आली. त्या काळी ज्याने एकाच कंपनीवर सारी पुंजी लावली, त्याचे भवितव्य त्या एका कंपनीबरोबर बांधले गेले. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या सर्वच कंपन्या टिकल्या नाहीत. किर्लोस्करांचे यश पाहून असा धोका विसरता येत नाही. पुंजी अनेक कंपन्यांत विभागणे, दरमहा थोडी रक्कम घालणे आणि जे पैसे पाच-सात वर्षे लागणार नाहीत तेवढेच बाजारात ठेवणे, हे सामान्य गुंतवणूकदाराच्या हाती आहे. लक्ष्मणरावांना पहिल्या नांगरांसाठी दोन वर्षे थांबावे लागले. कंपनी उभारण्यासाठी मात्र सारे आयुष्य द्यावे लागले. शेअर घेणारा अशा दीर्घ कामाचा भागीदार होतो, एवढे ध्यानात ठेवले तरी बाजारातील रोजच्या चढउतारांची धास्ती बरीच कमी होईल.