निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

पुण्यनगरीत देवदर्शनासाठी येणारे भाविक ग्रामदैवत श्री कसबा गणपतीचे दर्शन घेऊन बहुधा शनिवारवाड्याकडे वळतात. वाड्याचा भव्य दिल्ली दरवाजा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु दक्षिणेकडील लहानसा नारायण दरवाजा पाहण्यास फारच थोडे जण जातात. याच दरवाज्याने इ. स. १७७३ मध्ये अठरा वर्षांच्या एका पेशव्याचा देह बाहेर नेण्यात आला, असे पुणेकर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. त्या खुनाचा न्याय करण्यास ज्यांनी प्रत्यक्ष सत्ताधीशापुढेही माघार घेतली नाही, त्या रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र भाविकांना माहीत असावे म्हणून येथे थोडक्यात दिले आहे.

रामशास्त्री यांचे मूळ गाव साताऱ्यानजीकचे क्षेत्र माहुली. कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे तीर्थक्षेत्र. छत्रपती शाहू महाराजांचे अंत्यसंस्कार १७४९ मध्ये याच संगमावर झाले. रामशास्त्र्यांचा जन्म अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात येथील एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. पितृछत्र लवकर हरपले आणि चुलत्यांच्या आश्रयाने ते वाढले. आश्चर्य वाटेल, परंतु पुढे ज्यांच्या विद्वत्तेचा दबदबा साऱ्या मराठी राज्यात निर्माण झाला, ते वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत जवळजवळ निरक्षरच होते. साताऱ्यात अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी ते शागीर्द म्हणून पडेल ते काम करीत.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग याच घरातील. बाहेरून आलेल्या सावकारांच्या पायांवर पाणी घालण्याचे काम रामाकडे होते. पाणी घालता घालता त्याची दृष्टी धन्याच्या कानातील टपोऱ्या मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडेच गेली. सावकारांनी त्यास सुनावले की, असे अलंकार अंगावर यायचे तर विद्या मिळवावी लागते किंवा पराक्रम करावा लागतो; नुसते पाहून ते मिळत नाहीत. बोल जिव्हारी लागले. रामाने नोकरी सोडली आणि विद्येसाठी काशीची वाट धरली. या प्रसंगाचे तपशील निरनिराळ्या प्रकारे सांगितले जातात, पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मोत्यांचा हव्यास मनात धरून निघालेल्या या तरुणाने विद्या हाती आल्यावर मोत्यांकडे पुन्हा वळून पाहिले नाही.

काशीत बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारखा थोर गुरू त्यांस लाभला. व्याकरण आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत पायगुंड्यांचा अधिकार भारतभर मान्य होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या ग्रंथाची बाळंभट्टी नावाची टीका त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वारसा, दत्तक, ऋण, वाटणी यांविषयीचे निवाडे ज्या ग्रंथाच्या आधारे होत, त्याचे मर्म त्या काळी याहून चांगले कोठे शिकावयास मिळाले नसते. लहान मुलांच्या पंक्तीस बसून मुळाक्षरांपासून आरंभ करणाऱ्या या थोराड विद्यार्थ्याने अखंड परिश्रमाने शास्त्री ही पदवी सार्थ केली.

काशीहून परतल्यावर १७५१ मध्ये ते पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या पदरी धर्मशास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ मध्ये न्यायाधीशपद त्यांच्याकडे आले. दोनच वर्षांत पानिपताचा घोर प्रसंग ओढवला. पुत्रशोकाने व पराभवाने खचलेल्या नानासाहेबांनी त्याच वर्षी पर्वतीवर देह ठेवला आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले.

त्या काळची न्यायपद्धती आजच्याहून बरीच वेगळी होती. गावचा तंटा पाटील व गोतसभेपुढे सुटे, न सुटल्यास तो कमाविसदार किंवा मामलेदाराकडे जाई, आणि तेथेही समाधान न झालेले फिर्यादी मजल दरमजल करीत पुण्यास न्यायाधीशांकडे येत. वादी-प्रतिवादी यांच्याकडून जामीन घेतला जाई, दोघांच्या तकरीरी लिहून घेतल्या जात, साक्षी-पुरावा पाहिला जाई आणि पंचांच्या विचाराने निवाडा होई. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होत असे. अशा व्यवस्थेत वशिल्याला आणि पैशाला वाव किती असेल, हे सांगावयास नको. कागद कोणता पुढे यावा, साक्ष कोणाची घ्यावी, प्रकरण किती दिवस रेंगाळावे, प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी हात ओला होऊ शकत असे. रामशास्त्र्यांनी या पद्धतीत काही मोठा फेरबदल केला असे नाही. पद्धत तीच होती. तिच्या शिखरावर विकत न मिळणारा माणूस बसला होता, एवढाच फरक. परंतु तेवढ्याने खेड्यापाड्यांतील रयतेला पुण्याच्या न्यायाचा भरवसा वाटू लागला.

माधवराव पेशवे स्वतः करडे, कष्टाळू आणि न्यायप्रिय होते. तथापि तरुणपणी त्यांचा ओढा जपतपाकडे विशेष होता. एके दिवशी शास्त्रीबुवा महत्त्वाच्या कामासाठी वाड्यात गेले असता पेशवे ध्यानास बसलेले आढळले आणि काम तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याचा निरोप मागितला. माधवरावांनी कारण विचारून दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांना स्पष्ट सांगितले की, ब्राह्मणाने राज्य हाती घेतले म्हणजे प्रजेचा सांभाळ हेच त्याचे अनुष्ठान होय. ते जमत नसेल तर गादी सोडावी आणि दोघांनी मिळून गंगातीरी उर्वरित आयुष्य जपात घालवावे. पेशव्यांनी बोध घेतला आणि आपला दिनक्रम बदलला. देवस्थानात येणाऱ्या भाविकांना हा प्रसंग थोडा अवघड वाटेल. शास्त्रीबुवा स्वतः निष्ठावंत, स्नानसंध्या न चुकवणारे होते. त्यांचा आक्षेप उपासनेला नव्हता. दारात फिर्यादी उभा असताना उपासनेच्या आडोशाला बसण्यास तो होता.

माधवरावांच्या कारकिर्दीत सरकारी अधिकाऱ्यांनी रयतेकडून फुकट ओझी वाहून घेण्याच्या वेठबिगारीला आळा घालण्यात आला. त्यामागे या शास्त्र्याचा शब्द होता, असे मानले जाते. १७७२ मध्ये क्षयाने जर्जर झालेल्या माधवरावांनी थेऊरच्या श्री चिंतामणीच्या सान्निध्यात देह ठेवला. अष्टविनायक यात्रेतील भाविक थेऊरला जातात, तेव्हा रमाबाईंचे स्मारकही पाहतात. त्या दिवसापासून शास्त्रीबुवांची खरी कसोटी सुरू झाली.

माधवरावांचे धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. जीव वाचविण्यासाठी नारायणराव धावत जाऊन चुलत्यांच्या गळ्यात पडले. परंतु गारद्यांनी तेथेच त्यांना ठार केले. धन्याला वाचवू पाहणारा चाफाजी टिळेकर हा सेवकही त्यांच्यासमवेत मारला गेला. नंतर राघोबादादांच्या नावाने द्वाही फिरली. मुत्सद्दी, सरदार, शहरातील प्रतिष्ठित सारे मनातून हादरले होते, पण उघडपणे बोलण्यास कोणी धजेना. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हाती राज्य, गारद्यांच्या तलवारी अजून म्यान झालेल्या नाहीत, अशा वेळी मौन हेच शहाणपण, असे बहुतेकांनी ठरविले.

रामशास्त्र्यांनी मात्र हे प्रकरण न्यायाधीश म्हणून आपल्याकडे आलेच आहे असे धरले. फिर्याद घेऊन कोणी आले नव्हते, कोणी येणारही नव्हते. त्यांनी शांतपणे चौकशी चालविली, माणसे तपासली, कागद मिळविले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार ही नावे पुढे आलीच. पण चौकशीचा धागा शेवटी राघोबादादांपर्यंत पोहोचला. नारायणरावांना धरावे अशा आशयाच्या आज्ञापत्रात एका अक्षराचा फेर करून मारावे असे केले गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मराठीत ध चा मा करणे हा वाक्प्रचार तेथूनच आला. तो फेर आनंदीबाईंनी केला अशी समजूत आहे. इतिहाससंशोधकांत त्याविषयी एकमत नाही. शास्त्रीबुवांच्या दृष्टीने अक्षर कोणाचे हा प्रश्न दुय्यम होता. पुतण्याला धरण्याचा हुकूम देणाऱ्याने त्याचे रक्षण केले नाही, इतके त्यांना पुरेसे वाटले असावे.

राघोबादादांनी शास्त्रीबुवांना प्रायश्चित्त विचारले. येथे एक सोपी वाट मोकळी होती. धर्मशास्त्रात दानाची, तीर्थयात्रेची, कृच्छ्रांची प्रायश्चित्ते आहेत. त्यांतील एखादे भरघोस प्रायश्चित्त सांगितले असते तर शास्त्र राहिले असते, पदही राहिले असते, आणि दक्षिणेच्या राशी पडल्या असत्या. अशी सोय करून देणारे विद्वान त्या काळी दुर्मिळ नव्हते. शास्त्रीबुवांनी देहान्त हेच एकमेव प्रायश्चित्त आहे असे सांगितले. एवढ्यावर न थांबता, असा अपराध पोटात घेऊन राज्य करणाऱ्याची भरभराट होणार नाही, आणि तो कारभाराच्या शिखरावर असेतो आपण चाकरी करणार नाही व पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असेही बजावले. मग पद सोडून ते वाईनजीकच्या एका खेड्यात जाऊन राहिले. हाती फौज नव्हती, मागे सरदार नव्हते. राघोबादादांनी त्यांना अडविले नाही किंवा इजा केली नाही. यामागे धाक होता की शरम, हे सांगणे कठीण आहे.

पुढील घटना इतिहासप्रसिद्ध आहेत. नाना फडणीस व सखारामबापू यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर नेण्यात आले, आणि तेथे १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला. मारेकऱ्यांपैकी जे हाती लागले त्यांना कठोर शिक्षा झाल्या. राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्यावर युद्ध ओढवले. १७८३ मध्ये कोपरगाव येथे त्यांचा अंत झाला. राघोबादादांची सत्ता गेल्यावर, १७७७ मध्ये नानांनी शास्त्रीबुवांना सन्मानाने बोलावून न्यायाधीशपदी पुन्हा बसविले.

या दुसऱ्या कारकिर्दीतील एक आठवण दानधर्माशी निगडित असल्याने येथे मुद्दाम देत आहोत. पेशव्यांच्या वतीने दरवर्षी श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वानांना दक्षिणा वाटली जात असे. दूरदूरचे शास्त्री-पंडित त्यासाठी पुण्यास येत आणि ज्याच्या त्याच्या विद्येप्रमाणे रक्कम ठरे. एका वर्षी रांगेत शास्त्रीबुवांचे बंधू आले. शेजारी बसलेल्या नानांनी त्यांना वीस रुपये द्यावेत असे सुचविले. शास्त्रीबुवांनी नकार दिला. इतर सामान्य ब्राह्मणांना दोन रुपये मिळतात, यांची विद्याही तेवढीच, तेव्हा सरकारातून दोनच द्यावेत. भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते मी घरी देईन, असे त्यांचे म्हणणे पडले. सरकारची थैली आणि स्वतःची थैली यांतील रेघ त्यांनी रक्ताच्या नात्यासाठीही पुसली नाही. पेशवाई संपल्यावर याच दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुण्यातील आधुनिक उच्च शिक्षणाची परंपरा तेथून सुरू झाली.

घरच्या राहणीविषयीही असेच सांगतात. दिवसाच्या गरजेपुरते धान्य घरात असले की पुरे, साठा करावयाचा नाही, असा त्यांचा नेम होता. एकदा त्यांच्या पत्नी वाड्यात हळदीकुंकवास गेल्या असता पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना भरजरी वस्त्रे नेसवून, दागिने घालून, पालखीतून घरी पाठविले. शास्त्रीबुवांनी दार उघडले, पाहिले आणि भोयांना सांगितले की तुम्ही घर चुकलात. गरीब शास्त्र्याच्या घरी अशी बाई राहत नाही. बाई समजल्या. परत जाऊन, सर्व काही उतरवून, आपल्या साध्या लुगड्यात पायी चालत आल्या, तेव्हा दार उघडलेच होते. आजच्या वाचकाला यात पत्नीवर अन्याय झाला असे वाटू शकेल, आणि ते सर्वस्वी चूक नाही. परंतु न्यायाधीशाच्या घरात लाच क्वचितच लाच म्हणून शिरते. ती बहुधा अशीच, प्रेमाने आणि मानाने, पालखीत बसून येते, हे त्यांनी ओळखले होते.

ऑक्टोबर १७८९ मध्ये रामशास्त्र्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी कोतवाल घाशीरामाच्या कोठडीत निरपराध ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. नाना फडणीसांसारखा कुशल कारभारी असतानाही शहराची कोतवाली त्या थराला जाऊ शकली. १९४४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने शास्त्रीबुवांवर चित्रपट काढला, त्यात गजानन जागीरदार यांनी त्यांची भूमिका केली. मराठी बोलीत तर त्यांचे नाव कायमचेच रुजले आहे: भीडमुर्वत न धरता खरे सांगणाऱ्याचा बाणा रामशास्त्री बाणा म्हटला जातो.

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या भाविकांनी शहराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेल्या क्षेत्र माहुलीस अवश्य जावे. संगमाच्या काठी श्री विश्वेश्वर, श्री रामेश्वर व श्री संगमेश्वर ही प्राचीन धाटणीची दगडी देवालये आणि विस्तीर्ण घाट आहेत. पावसाळ्यात पाणी घाटाच्या पायऱ्यांवर चढते, म्हणून दर्शनासाठी हिवाळ्याचे दिवस सोयीचे.