घशातील नळी आणि डॉक्टर विल्यम मॅकेवेन

आपल्या मंडळीतील कोणाची शस्त्रक्रिया झाली की आपण इस्पितळात भेटीस जातो. पुष्कळदा तेथे एक चमत्कारिक तक्रार ऐकू येते. टाके पोटावर असतात, पण रोगी हात घशाकडे नेतो. आवंढा गिळवत नाही, आवाज बसलेला असतो. नातेवाईक घाबरतात. कारण मात्र साधे आहे. पूर्ण भूल दिल्यावर श्वास बिनधोक चालावा म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतात व काम संपल्यावर काढतात. तिच्या घर्षणाने व दाबाने घसा हुळहुळतो. भूल देण्यासाठी अशी नळी प्रथम वापरणाऱ्या माणसाचे चरित्र ऐकण्याजोगे आहे.

विल्यम मॅकेवेन यांचा जन्म 1848 साली स्कॉटलंडमधील ब्यूट बेटावर रॉथसे या गावी झाला. वैद्यकीय शिक्षण ग्लासगो येथे झाले. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर तेव्हा तेथेच प्राध्यापक होते. स्वच्छतेचा तो धडा मॅकेवेन यांनी जन्मभर पाळला. 1869 साली पदवी मिळाल्यावर त्यांनी साथीच्या तापाच्या इस्पितळात व पुढे पोलीस खात्याचे डॉक्टर म्हणून काम केले. मग ते ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत शस्त्रवैद्य झाले.

त्या काळी तोंडातील किंवा घशातील शस्त्रक्रिया फार धोक्याची असे. क्लोरोफॉर्मचे फडके नाकातोंडावर धरले तर शस्त्रवैद्याला काम करता येत नसे, आणि रक्त श्वासनलिकेत उतरून रोगी गुदमरण्याची भीती असे. त्यावर उपाय म्हणजे गळा बाहेरून कापून तेथून श्वासाची वाट करणे. ती वेगळी जखमच होय. ही जखम टाळता येईल काय, असा विचार मॅकेवेन यांनी केला. जिवंत माणसावर प्रयोग करण्याची घाई त्यांनी केली नाही. आधी मृतदेहांवर नळी घालण्याचा सराव करून आपले बोट त्या वाटेला सरावून घेतले.

जुलै 1878 मध्ये जिभेच्या मुळाशी व घशात कर्करोग झालेला एक रोगी त्यांच्याकडे होता. रोगी जागा असतानाच त्यांनी बोटाच्या स्पर्शाने अंदाज घेत तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली. त्याला खोकला आला, तो शमल्यावर नळीतूनच क्लोरोफॉर्म दिला. नळीभोवती स्पंज बसवून रक्ताची वाट अडवली. गळा न कापता शस्त्रक्रिया पार पडली. 1880 साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. पण ही पद्धत सर्वत्र रुळण्यास वेळ लागला. पहिल्या महायुद्धानंतर, चेहरा छिन्नभिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करताना, मॅगिल व रोबोथम या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या भूलतज्ज्ञांनी ती पुढे नेली.

मॅकेवेन यांचे काम एवढ्यावर थांबले नाही. मुडदुसाने पाय वाकलेल्या पुष्कळ गरीब मुलांना त्यांनी सरळ उभे केले. क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, 1879 साली, केवळ लक्षणांवरून जागा ओळखून एका मुलीच्या मेंदूलगतची गाठ काढली. 1902 साली त्यांना सर ही पदवी मिळाली. 1916 मध्ये, वृद्धापकाळी, हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी अर्स्किन येथे इस्पितळ उभारण्यात ते अग्रभागी होते. कृत्रिम पाय बनविण्यासाठी त्यांनी क्लाइड नदीकाठच्या जहाजे बांधणाऱ्या कारागिरांची मदत घेतली. 1924 साली त्यांचे निधन झाले.

जीव वाचविताना रोग्याला एक जखम तरी कमी व्हावी, ही त्यांची काळजी आजही पुढे चालू आहे. भूलतज्ज्ञ शक्य तितकी लहान नळी निवडतात, ती हलक्या हाताने घालतात, आणि नळीभोवतीच्या फुग्यातील दाब मोजून बेताचा ठेवतात. काही शस्त्रक्रियांत श्वासनलिकेत न शिरणारे, घशातच बसणारे साधन पुरते. रोग्यानेही सर्दी, खोकला, हलणारा दात, पूर्वीचा घशाचा त्रास हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे व विडी-सिगारेट सोडावी. दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत जाते. आवाज बसलेलाच राहिला तर डॉक्टरांना सांगावे. गिळणे अशक्य झाले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर क्षणाचाही विलंब लावू नये.

भेटीस जाणाऱ्यांना एक विनंती. रोगी घसा सुकला म्हणतो, आपल्याला दया येते, आणि आपण चहापाणी पुढे करतो. परिचारिकेला विचारल्याशिवाय असे करू नये. भूल पुरती उतरली नसेल तर तोच घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. तहानलेल्यास पाणी देणे ही प्रभूची सेवा खरी, पण योग्य वेळ पाहणे हाही प्रीतीचाच भाग आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी थोडक्यात विश्वासू राहिलेल्या चाकराचा दृष्टान्त शिकविताना मुलांना मॅकेवेन यांची गोष्ट अवश्य सांगावी. रोग्याला हात लावण्याआधी त्यांनी जेथे कोणी पाहत नव्हते तेथे सराव केला. त्या सरावाचे फळ आज आपल्या घरोघरच्या माणसांना मिळत आहे.