किडनीच्या कॅन्सरला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉक्टरांचा अंदाज मात्र चुकला होता!

किडनीच्या कॅन्सरला पूर्वी डॉक्टर 'ग्राविट्झ ट्युमर' म्हणायचे. हे ग्राविट्झ होते तरी कोण?

पॉल ग्राविट्झ यांचा जन्म १८५० सालचा, पोमेरेनियातला. बर्लिनमध्ये ते पॅथॉलॉजीतले दिग्गज रुडॉल्फ व्हिर्चो यांचे सहायक होते. किडनीतल्या काही पिवळसर गाठी तेव्हा साध्या चरबीच्या समजल्या जायच्या. १८८३ मध्ये ग्राविट्झ यांनी ही समजूत खोडून काढली. किडनीच्या वर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिचे भरकटलेले तुकडे किडनीत अडकतात आणि त्यातून या गाठी होतात, असं त्यांनी मांडलं.

पुढे ते ग्राइफ्सवाल्डला प्राध्यापक झाले. शरीरात 'झोपलेल्या पेशी' असतात आणि त्या नंतर जाग्या होतात, असाही त्यांचा एक सिद्धांत होता. तो टिकला नाही. १९३२ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६० मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमुळे कळलं, की या गाठी किडनीच्याच सूक्ष्म नलिकांमधून तयार होतात. म्हणजे अ‍ॅड्रिनलचा अंदाजही चुकलाच.

हा कॅन्सर मात्र खरंच झोपल्यासारखा वागू शकतो. किडनी काढल्यानंतर दहा-वीस वर्षांनीही तो फुफ्फुसात, हाडात किंवा स्वादुपिंडात सापडतो. कधी तो रक्तातलं कॅल्शियम वाढवतो, तर कधी शिरेतून वाढत थेट हृदयापर्यंत पोहोचतो.

म्हणूनच ऑपरेशन कितीही जुनं असलं, तरी नव्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.