परीकथांतील काळोख आणि विल्हेल्म ग्रिम

हिमगौरी, सिंड्रेला, रापुन्झेल यांच्या कथा नव्याने आणि अधिक भेसूर करून सांगणाऱ्या कादंबऱ्या आज तरुण वाचकांत आवडीने वाचल्या जातात. निरागस बालकथांत क्रौर्य आणि रक्तपात कशाला घुसडायचा, असा आक्षेप पालक आणि शिक्षक घेतात. मूळ कथा निरागस होत्या आणि काळोख त्यांत मागाहून शिरला, असे या आक्षेपामागचे गृहीत आहे. ज्या विल्हेल्म ग्रिम यांच्या लेखणीतून या कथांचे परिचित रूप सिद्ध झाले, त्यांचे चरित्र पाहिले असता हे गृहीत टिकत नाही.

विल्हेल्म यांचा जन्म २४ फेब्रुवारी १७८६ रोजी जर्मनीतील हानाऊ या गावी झाला. थोरले बंधू याकोब त्यांच्याहून सुमारे एक वर्षाने मोठे. वडील सरकारी अधिकारी असल्याने घरची स्थिती चांगली होती. परंतु १७९६ मध्ये ते वारले आणि पाच मुलगे व एक मुलगी यांचा भार विधवा आईवर पडला. कासेलच्या दरबारात नोकरीस असलेल्या मावशीच्या आधाराने दोघा थोरल्या भावांचे शिक्षण झाले. मारबुर्ग येथे कायद्याचा अभ्यास करताना सॅव्हिनी या विधिपंडिताच्या सहवासात दोघांना जुन्या जर्मन वाङ्मयाची गोडी लागली. १८०६ मध्ये फ्रेंच फौजांनी कासेल व्यापले. १८०८ मध्ये आई गेली. विल्हेल्म यांना दम्याने आणि हृदयविकाराने ग्रासले होते. दारिद्र्य, परचक्र आणि आजारपण यांच्या छायेतच त्यांनी लोककथा गोळा करण्यास आरंभ केला.

गावोगाव भटकून शेतकऱ्यांच्या तोंडच्या कथा या भावांनी टिपल्या, ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. त्यांच्या पुष्कळ कथा कासेलमधील सुशिक्षित घरांतील तरुणींनी सांगितल्या. शेजारच्या औषधविक्रेत्या विल्ट यांच्या मुली त्यांत होत्या. फ्रान्समधून धर्मच्छळामुळे आलेल्या घराण्याशी नाते असलेल्या हासेनफ्लुग भगिनीही होत्या. डोरोथेआ फीमान या शिंप्याच्या पत्नीने अनेक कथा दिल्या. तीही फ्रेंच वंशाचीच. ज्या कथांकडे शुद्ध जर्मन परंपरेचे धन म्हणून पाहिले गेले, त्यांचा एक झरा असा सीमेपलीकडून आलेला होता. विल्ट भगिनींपैकी डोर्टशेन हिच्याशी विल्हेल्म यांनी १८२५ मध्ये विवाह केला. पुढल्याच वर्षी त्यांचे पहिले अपत्य अवघ्या आठ महिन्यांचे होऊन दगावले.

संग्रहाचा पहिला खंड १८१२ च्या अखेरीस निघाला. त्यात ८६ कथा होत्या, विद्वानांसाठी टिपा होत्या आणि चित्र एकही नव्हते. १८१५ च्या दुसऱ्या खंडात आणखी ७० कथा आल्या. हे पुस्तक मुलांच्या हाती देण्याजोगे नाही, अशी टीका तेव्हाच झाली. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून संस्करणाचे काम मुख्यत्वे विल्हेल्म यांच्याकडे आले आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ते कथांवरून हात फिरवीत राहिले. १८२५ मध्ये निवडक ५० कथांची, धाकट्या भावाच्या चित्रांसह काढलेली लहान आवृत्ती घरोघर पोचली.

या संस्करणात काय गाळले आणि काय राखले, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या पाठात रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होतात असे भाबडेपणाने विचारते आणि तिला दिवस गेल्याचे उघड होते. पुढे हा उल्लेख नाहीसा झाला. हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडण्याचा आग्रह धरणारी आईही १८४० च्या आवृत्तीत सावत्र ठरली. खाटीकखान्याचा खेळ खेळताना मुलांच्या हातून घडलेल्या हत्येची कथा काढून टाकण्यात आली. मात्र शिक्षांचे क्रौर्य कमी झाले नाही. तापलेल्या लोखंडी जोड्यांत नाचून मरणारी राणी शेवटपर्यंत राहिली. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरांनी फोडण्याचा प्रसंग तर १८१९ मध्ये नव्याने आला.

म्हणजे विल्हेल्म यांना मुलांसाठी क्रौर्य वर्ज्य वाटले नाही. वर्ज्य वाटला तो शरीरसंबंधाचा उल्लेख आणि सख्ख्या आईचे निर्दयपण. घर ही संस्था निष्कलंक राहावी, संकट बाहेरून यावे, अशी ही मांडणी होती. पोरकेपण सोसलेल्या आणि आईवर जीव असलेल्या माणसाला ती सुचावी, हे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे दुष्काळात आईबापच पोटच्या पोरांचा त्याग करतात, हे जुन्या कथेतले कठोर सत्य झाकले गेले आणि सावत्र आई या नात्यावर कायमचा कलंक बसला. ज्यूद्वेषाने भरलेली एक कथाही संग्रहात अखेरपर्यंत राहिली आणि विसाव्या शतकात नाझी राजवटीने या कथांना आपल्या प्रचारास जुंपले, हेही विसरता येत नाही.

स्वतः विल्हेल्म मात्र सत्तेपुढे झुकणारे नव्हते. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा ग्योटिंगेन विद्यापीठातील सात प्राध्यापकांनी निषेध नोंदविला. त्यांत दोघे भाऊ होते. दोघांचीही नोकरी गेली, याकोब यांना तर हद्दपार व्हावे लागले. १८४१ मध्ये बर्लिनला आश्रय मिळाल्यावर त्यांनी जर्मन भाषेच्या महाकोशाचे काम चालविले. त्यातील ‘ड’ हे अक्षर विल्हेल्म यांनी हाती घेतले आणि ते पुरे करून १६ डिसेंबर १८५९ रोजी देह ठेवला. तो कोश पूर्ण होण्यास १९६१ साल उजाडले.

त्यांच्या कथांवर पुढील पिढ्यांनीही हात फिरविला. १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटात लोखंडी जोडे उरले नाहीत. उलट १९७९ मध्ये अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने जुन्या परीकथांतील दडपलेली वासना आणि हिंसा उघड्यावर आणली, आणि २०१४ मध्ये १८१२-१५ च्या पाठाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. आजच्या तरुणांसाठीच्या कादंबऱ्या या दुसऱ्या वाटेने चालल्या आहेत. त्यांतील काही केवळ भडकपणावर जगतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु सोळा वर्षांच्या वाचकाला घर नेहमीच सुरक्षित नसते आणि आपली माणसेही घात करू शकतात, हे कळू लागलेले असते. त्याला खोटा दिलासा पुरत नाही; रानातून बाहेर पडण्याची वाट आहे, एवढा विश्वास मात्र हवा असतो. काळोख दाखवून ती वाट दाखविणारे पुस्तक त्याच्या हातून काढून घेण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा: झाकलेल्या सत्याने मुलांचे रक्षण होते, की मोठ्यांच्या प्रतिष्ठेचे?