अज्ञातवासी काका आणि राजाचं घर



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नागापूरच्या मुलांना एक साधा गृहपाठ दिला होता. घरातली सगळ्यांत जुनी वस्तू शोधायची, ती कोणाची होती हे मोठ्यांना विचारायचं आणि तिच्यावर दहा ओळी लिहून आणायच्या.

आमचं नागापूर अहिल्यानगरच्या एमआयडीसीला खेटून. वर्गातले बरेच पालक कारखान्यांत कामाला आहेत. कोणी पाथर्डीकडून आलेले, कोणी शेवगावकडून, कोणी थेट बीडहून. दोन खोल्यांचा संसार, त्यात जुन्या वस्तू ठेवणार कुठे? तरी मुलांनी छान लिहिलं. कोणाच्या घरी पणजोबांची पानसुपारीची चंची निघाली, कोणाकडे नाव कोरलेला तांब्या. एकाकडे जात्याची तळी होती आणि तिच्यावर पाण्याचा माठ ठेवलेला होता. एका पठ्ठ्याने लिहिलं की आमच्या घरात सगळ्यांत जुना टीव्ही आहे!

एका मुलीची वही मात्र मी दोनदा वाचली. तिच्या आजीची पितळी समई होती. मागच्या वर्षी ती मोडीत घातली आणि त्या पैशांत मिक्सर आला. समई घरात नाही, म्हणून मुलीने ती आठवून आठवून लिहिली होती. तिला रागवायचं काय किंवा तिच्या आईवडिलांना तरी काय बोलायचं? आम्ही गाव सोडून इथे राहायला आलो तेव्हा आमच्या घरातला आजीचा पानाचा डबासुद्धा असाच वजनावर गेला. तराजूत डबा किती भरला हे मला आजही आठवतं, पण त्याच्या झाकणावर कसली नक्षी होती ते काही केल्या आठवत नाही.

त्या दिवशी वर्गात मी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी लिहितो आहे.

चष्म्याच्या दुकानातला कवी

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मावळ तालुक्यातल्या करंजगावात झाला. आयुष्य गेलं पुण्यात. पोटापाण्यासाठी चष्म्याचा व्यवसाय होता, मन मात्र कवितेत आणि इतिहासात रमलेलं. कविता ते स्वतःच्या नावाने लिहीत नसत. त्यांनी टोपणनाव घेतलं होतं अज्ञातवासी. त्यांचा अज्ञातनाद हा कवितासंग्रहही आहे. पुढे सगळं पुणं त्यांना काका केळकर म्हणून ओळखू लागलं.

हे टोपणनाव लक्षात ठेवा. पांडवांच्या अज्ञातवासामुळे शब्द आपल्या ओळखीचा आहे. कोणाला कळू न देता राहणारा, तो अज्ञातवासी. या माणसाने पुढे जे काम केलं, त्याला याच्याइतकं शोभणारं दुसरं नाव मिळालं नसतं. ते कसं, हे शेवटी येईलच.

१९२० च्या सुमारास काकांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. आता तो काळ कसा होता ते पाहू, कारण मुलांना हेच नीट समजावून सांगावं लागतं. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झाली होती. मोठमोठ्या वाड्यांमधली श्रीमंती आटत चालली होती. घरात रॉकेलचा कंदील आला आणि मग विजेचा दिवा, तसे तेलाचे दिवे अडगळीत गेले. फाउंटन पेन आलं, दौत-कलमदान फडताळात गेलं. कारखान्यातली कुलपं स्वस्त मिळू लागली, गावच्या लोहाराने घडवलेलं कुलूप गंजत पडलं. पुढे अॅल्युमिनियम आणि स्टील आल्यावर तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली. एका पिढीला जे रोज हाताशी लागायचं, ते दुसऱ्या पिढीला ओझं झालं.

काका अशा वेळी जुने बाजार धुंडाळत होते, वाड्यांचे जिने चढत होते, गावोगाव फिरत होते. आधी महाराष्ट्रात, मग देशाच्या इतर भागांत. जे लोक टाकून देत होते ते हा माणूस पैसे देऊन घरी आणत होता! शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे वेडच वाटलं असणार.

तलवारी सगळेच जपतात, वज्री कोण जपणार?

आपल्या नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, मुलं हरखून जातात. शस्त्रं, नाणी, राजांची चित्रं, शिलालेख या गोष्टी जपायच्या असतात हे सगळ्यांना पटतं. काकांकडेही शस्त्रं होती, चिलखतं होती. पण त्यांचं मोठेपण आहे ते स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात शिरण्यात.

त्यांनी काय काय जमवलं ते पाहा. दिवे, समया, अडकित्ते, पानाचे डबे, कुलपं, दौती, फण्या, हुक्के, सोंगट्या, बाहुल्या, वाद्यं, वस्त्रं, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी आणि वज्री.

वज्री म्हणजे काय, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. आंघोळीच्या वेळी टाचा घासायचं ते साधन. खालची बाजू खरखरीत, वरच्या बाजूला धरायला मूठ. आता टाच घासायला खरखरीत दगडही पुरतो. पण आपल्या कारागिरांनी त्या मुठीला पक्ष्याप्राण्यांचे आकार दिले. काही वज्री आतून पोकळ ठेवून त्यात बारीक खडे घातले, म्हणजे टाच घासताना नाद यावा. दिवसभर राबलेल्या बाईच्या भेगाळलेल्या टाचेसाठी कोणीतरी एवढा विचार केला होता.

अडकित्त्याचंही तसंच. विज्ञानाच्या पुस्तकात दुसऱ्या प्रकारच्या तरफेचं उदाहरण म्हणून आपण तो शिकवतो. टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला आणि मधे भार म्हणजे सुपारी. फळ्यावर आकृती काढून आपण मोकळे होतो. काकांच्या संग्रहातले अडकित्ते पाहिले की कळतं, त्याच तरफेचे दोन दांडे कारागिराने माणसांचे केले, पक्ष्यांचे केले, घोड्याचे केले. काम तेच, सुपारी कातरायचं. आकृतीसोबत असा एखादा खरा अडकित्ता वर्गात नेऊन बघा, तरफ मुलं जन्मात विसरणार नाहीत.

या सगळ्यात काकांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ होती. बायकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंना या संग्रहात एवढी जागा आहे, ते पाहताना मला त्यांची आठवण होते. पै-पैचा हिशेब करणाऱ्या मध्यमवर्गीय घरात नवरा रोज एक जुनी वस्तू घेऊन येतो, तेव्हा ते घर सांभाळणारीचं मन किती मोठं असावं लागतं, हे वाचणाऱ्या गृहिणींना मी वेगळं सांगायला नको.

राजा

काका आणि कमलाबाईंचा एक मुलगा होता, राजा. तो लहान वयातच गेला.

या दुःखाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ज्यांच्या घरी असं झालं आहे त्यांना ते माहीत आहे आणि इतरांना ते शब्दांनी कळायचं नाही. पुढे काय झालं तेवढं सांगतो. लेकराच्या माघारी त्याचे कपडे, त्याची खेळणी पेटीत घालून पेटीला कुलूप लावणारे आईबाप आपण पाहिले आहेत. या दोघांनी आपलं सगळं घरच त्याच्या नावाने उघडं केलं. जमवलेल्या साऱ्या संग्रहाला त्यांनी राजाचं नाव दिलं.

पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं आजचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. नाव ऐकून अनेकांना वाटतं की दिनकर केळकर नावाचे कोणी राजे असतील आणि त्यांचा हा खजिना असेल. माझ्याही वर्गात मुलांनी तसंच धरलं होतं. राजा हे एका छोट्या मुलाचं नाव आहे, हे कळलं तेव्हा वर्ग गप्प झाला.

रोज एक वस्तू

१९६० पर्यंत संग्रहात सुमारे १५ हजार वस्तू झाल्या होत्या. १९२० पासून धरलं तर ४० वर्षं. हे गणित मुलांना करायला द्या. वर्षाला सुमारे ३७५, म्हणजे सरासरीने दिवसाला एकाहून थोडी जास्तच वस्तू! आज ही संख्या २० हजारांच्या पुढे आहे आणि त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. बहुतेक अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या.

संग्रहालयात मस्तानी महालही आहे. बाजीराव पेशव्यांच्या मस्तानीचा महाल कोथरूडला होता. त्याचे राहिलेले अवशेष आणून काकांनी ते संग्रहालयात पुन्हा उभे केले.

एवढं सगळं स्वतःच्या हिमतीवर जमवून शेवटी काकांनी काय केलं? पूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. विकला असता तर पुढच्या पिढ्या बसून खातील एवढा पैसा मिळाला असता. पण वस्तू विखुरल्या असत्या आणि राजाचं नावही त्यांच्यासोबत विखुरलं असतं. पुढे पुणे विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, सरकारने पद्मश्री दिली. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी काका गेले.

आता त्या टोपणनावाकडे येऊ. संग्रहालयात तुम्ही काचेपलीकडची वज्री पाहता, समई पाहता. ती घडवणारा तांबट कोण होता? माहीत नाही. ती कोणाच्या माहेरून आली होती, कोणाच्या हातात होती? तेही माहीत नाही. कवी म्हणून अज्ञातवासात राहिलेल्या या माणसाने हजारो अज्ञात माणसांच्या हातच्या वस्तू गोळा केल्या आणि त्या सगळ्यांवर मिळून एकच नाव लिहिलं, आपल्या मुलाचं.

आपल्या घरात काय करता येईल?

काकांना जे करता येणं शक्य नव्हतं ते आपल्याला शक्य आहे. बाजारात आलेल्या वस्तूचं नावगाव पुसलं गेलेलं असतं. आपल्या घरातली वस्तू कोणाची, हे सांगणारं माणूस बहुतेक घरांत अजून आहे. म्हणून पालकहो, एवढं करून पाहा.

१. एकच वस्तू निवडा. सगळं जपायला जागा नसते आणि त्याची गरजही नाही.

२. घरातल्या मोठ्या माणसाला मुलांनीच विचारायचं. वस्तू कोणाची, कुठून आली, कशासाठी वापरत. एका कार्डावर पेन्सिलने लिहून ते वस्तूजवळ ठेवायचं. वस्तूवर चिकटवायचं नाही.

३. वस्तू डोळ्यांसमोर ठेवा. माळ्यावरची वस्तू असून नसल्यासारखी. एक फळी किंवा शोकेसचा एक कप्पा पुरतो. भिंतीला ओल असेल तर लाकडी वस्तू जरा पुढे सरकवून ठेवा. फोटो, पत्रं आणि कापड उन्हात नको.

४. तांब्यापितळेच्या जुन्या नक्षीवर रोज चिंच-राखेचा मारा करू नका, नक्षी झिजते. कोरड्या मऊ कापडाने पुसत जा. जुन्या कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशनही करू नका.

५. मोडीत घालावीच लागली तर आधी फोटो काढा आणि ती कोणाची होती ते लिहून ठेवा. गरज असते तेव्हा विकावं लागतं, त्यात लाज कसली?

शिक्षकांसाठी एक सूचना. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, पण तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते. त्याऐवजी १० जानेवारीला, काकांच्या जन्मदिवशी, वर्गात एक दिवसाचं संग्रहालय भरवा. बाकं जोडायची, त्यावर धुतलेलं धोतर किंवा साडी अंथरायची आणि वस्तू मांडायच्या. माहिती मुलांनीच सांगायची. वस्तू त्याच दिवशी पालकांच्या हातात परत द्यायची, ही जबाबदारी मात्र आपली.

आम्ही ते केलं. त्या मुलीकडे समई नव्हती, म्हणून तिने कागदावर चित्र काढून आणलं. ते आम्ही तांब्या आणि चंचीच्या मधे मांडलं. शेजारी कार्डावर आजीचं नाव आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव. दुपारी आजी स्वतः आली. बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली आणि मग नातीकडे पेन्सिल मागितली. नातीच्या चित्रात समईच्या टोकावरचा मोर राहून गेला होता. आजीने थरथरत्या हाताने तो काढला.

आता ते चित्र त्यांच्या घरी देवघराशेजारी लावलेलं आहे.